अडुळशाच्या बिड्या

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या दाराशी बसून अडुळशाची पानं पुसत होतो. झाडं कुंपणाची, कुंपण रस्त्याच्या कडेचं, त्यामुळे पानांवर धूळ आणि पाठीमागून कोळ्यांची बारीक जाळी असायची. ओल्या फडक्यानं दोन्हीकडून पुसायचं, देठ खुडायचा, पान सुपात टाकायचं. मी एक पान पुसेपर्यंत माझ्या बायकोची तीन व्हायची.

"अवो, पान पुसून राहिले का त्याची मालिश करून राहिले?"

"तुझ्यासारखं वरून वरून पुसलं तर माती माझ्या पोटात जाते."

"गेली तर गेली. तुमच्या तोंडाले मातीच बरी."

असं बोलून ती स्वतःच हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी म्हटलं, "घे, आता तूच पी काढा." तर म्हणाली, "मी कायले पिऊ? मी काय बाजारात बोंबलून राहिली?" सूप भरलं. तिनं गुडघ्यावर हात टेकून उठताना माझा खांदा धरला, आणि आम्ही जेवायला गेलो. वरण होतं, वांग्याची भाजी होती. पहाटे तिच्या छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत ती गेली. दुपारी तिला नेलं.

तिला जाऊन किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. मोजलं की जास्त होतात. हे लिहायला मला लेकीनं बसवलं. मी आता तिच्याकडेच मनीषनगरात राहतो. ती म्हणते, "बाबा, तुमी दिवसभर भिंतीशी भांडता, त्यापेक्षा आईचं काही लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. पाचवीत गेलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. तेव्हा जसं बोलतो तसंच लिहिणार. आणि रडगाणं लिहिणार नाही. तिला रडणाऱ्या माणसाचा राग यायचा. ती म्हणायची, रडून काय होते, नाक तेवढं लाल होते.

मी संत्रा बाजारात हर्रास पुकारायचो. तेव्हा हा बाजार स्टेशनाच्या अंगाला भरायचा. काटोल, वरुड, कळमेश्वर, सगळीकडून रात्रभर बैलबंड्या आणि ट्रक यायचे. हमाल भाताच्या तणसावर संत्र्यांचे ढीग मारायचे. सकाळी मी पालथ्या खोक्यावर उभा राहायचो आणि पहिल्या ढिगापासून सुरू करायचो. "चला, बोला! काटोलचा माल! बोला!" व्यापारी बोली चढवायचे, मी ती परत मोठ्यानं सांगायचो, आणि थांबली की एकवार, दोनवार, तीनवार म्हणून ढीग सोडायचो. शेजारच्या पेढीवर दुसरा माणूस तेच ओरडत असायचा, त्याच्या पलीकडे तिसरा. भोंगे-बिंगे काही नव्हते. ज्याचा आवाज शेवटच्या गाडीपर्यंत गेला त्याच्या ढिगाभोवती व्यापारी जमायचे. माझ्याजवळ ना शेत, ना शिक्षण, ना हातात हुन्नर. एक गळा होता. त्यावर घर चालायचं.

लग्न झालं तेव्हा साठच्या पुढची सालं होती. आम्ही पाचपावलीच्या बाजूला राहायचो. मी, माझी आई, आणि मग ही. ती भंडाऱ्याकडची, बिड्या वळणारी. तिच्या घरातल्या सगळ्या बायका बिड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात जर्दा, पत्र्याच्या तुकड्यावर तेंदूपत्ता ठेवून कात्रीनं कापायचा, चिमूट भरायची, वळायचा, धागा बांधायचा. तिची बोटं चालू असायची आणि तोंडही. लग्नात तिनं माहेराहून अडुळशाच्या काड्या आणल्या, ओल्या चिंधीत गुंडाळून. माझी आई आयुष्यभर ते विसरली नाही. कोणी आलं की सांगायची, "लोकाच्या सुना भांडे आणते, आमच्या सुनेनं काड्या आणल्या."

पण काड्या लागल्या. दोन पावसाळ्यांत मागच्या बाजूला कुंपण उभं राहिलं. वस्तीतल्या बकऱ्या गवत खायच्या, कपडे खायच्या, एकदा माझ्या टोपीचा काठ खाल्ला, पण अडुळशाला तोंड लावायच्या नाहीत. मी म्हणायचो, "बकरीले जे समजते ते तुले समजत नाही. ती चीज खायची नाही." ती म्हणायची, "बकरीले कुठं हर्रास पुकारा लागते?"

एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. हिवाळ्यातला आंबिया बहाराचा माल जोरात होता आणि माझा गळा बसला. आधी सकाळी खरखर, मग दुपारी खोकला, मग एक दिवस "दोनवार" म्हणालो आणि "तीनवार"ला नुसती हवा निघाली. व्यापारी हसले. एक जण म्हणाला, "काय गा, ढीग सोडला का फुगा सोडला?" मी त्याला शिवी दिली, तीही निघाली नाही.

आमचा अडत्या, म्हणजे ज्याच्या पेढीवर मी पुकारायचो तो मालक, वाईट माणूस नव्हता. पण धंदा करणारा माणूस. संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाह्य, मृगाचा माल सुरू होईपर्यंत गळा ठीक कर. झाला तर खोकं तुझंच. नाही तर मी त्याले उभा करतो." त्याले म्हणजे पेढीवरच संत्री मोजणारा एक लांबडा माणूस. त्याला पुकारायची भारी हौस. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण गळा त्याचाही काही धड नव्हता. फाटक्या ढोलासारखा होता. तरी फाटका ढोल फुग्यापेक्षा बरा. मृगाचा माल, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावरचा दुसरा बहार, यायला दोनेक महिने होते.

घरी सांगितलं. आमच्या घरी धम्म आल्यापासून नवस, अंगारे, दृष्ट काढणं बंद होतं. पण माझ्या आईनं पाठमोरी होऊन माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. सगळं घर खोकायला लागलं. बायकोनं विचारलं, "आत्याबाई, हे काय करून राहिल्या?" आई म्हणाली, "काही नाही वं. मिरच्या सादळल्या का पाहून राहिली."

बायकोनं काढा केला. अडुळशाची पानं, आलं, दोन मिरे, ज्येष्ठमधाचा तुकडा, पाणी निम्मं होईपर्यंत उकळलेलं. मी एक घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकला. इतकं कडू मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. ती म्हणाली, "गिळा." मी म्हणालो, "तू गीळ." असं दोन-तीन दिवस चाललं. मग अडत्यानं मला रामदासपेठेतल्या एका डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, बिडी सोडा. मी घरी येऊन सांगितलं, औषध दिलं नाही, नुसतं बिडी सोडा म्हणते. बायको काही बोलली नाही. ती काही बोलली नाही म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत असायचं, हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं.

बिड्या मला घरच्याच मिळायच्या. लग्नानंतरही ती बिडीच्या ठेकेदारासाठी घरी बिड्या वळायची; त्याचा माल वळून झाला की उरलेल्या पत्त्यात माझ्यासाठी एक कट्टा, म्हणजे बिड्यांची जुडी, वळायची. दोन दिवसांनी मी बिडी पेटवली तर वेगळीच लागली. धूर हलका, चव कडसर, वास चुलीत पाला टाकल्यासारखा.

"ह्या बिड्या काहून अशा लागून राहिल्या वं?"

"पत्ता नवीन आहे."

"पत्ता नवीन असला म्हणून जर्द्याचा वास जाते का?"

"तुमचं नाकच बसलं असन. गळा बसला, मंग नाक कशाले मागं राहते?"

मला पटलं. म्हणजे पटलं नाही, पण तिच्याशी बोलायला गळा पाहिजे, तो माझ्याजवळ नव्हता.

मला काही त्या बिड्यांची मजा येईना. बाजारात गेलो तर तो लांबडा दुकानातला कट्टा फोडून ओढत बसलेला. खऱ्या जर्द्याचा धूर माझ्या नाकात गेला. मी म्हटलं, "माझा कट्टा घे, तुझा दे." त्यानं एक ओढून पाहिली. "हलकी आहे गा. छातीले लागत नाही." झालं, आमचा सौदा ठरला. रोज सकाळी माझा कट्टा त्याला, त्याचा मला. बायकोच्या हातच्या बिड्या त्याला एवढ्या आवडल्या की एखाद्या दिवशी मी उशिरा आलो तर तो फाटकाशी येऊन उभा राहायचा. म्हणायचा, "वहिनीच्या हाताले काय गुण आहे, बुवा!"

महिना झाला. माझा खोकला वाढला. ही घरी चिंतेत. मी झोपलो की माझ्या छातीला कान लावायची. सकाळी विचारायची, "बिड्या संपवता ना सगळ्या?" मी म्हणायचो, "एक ठेवत नाही." ती आणखीच चिंतेत. दुसरी बाई असती तर नवऱ्यानं बिड्या संपवल्या म्हणून चिडली असती, ही संपवल्या का म्हणून विचारते, याचं मला नवल वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, काय गुणाची बायको आहे.

आणि तिकडे त्या लांबड्याचा गळा उघडत चालला. ढोलाची चामडी बदलावी तसा. तो मोजताना आकडे म्हणायचा ते पार फाटकाबाहेर ऐकू यायला लागले. अडत्या त्याच्याकडे मान वर करून पाहायला लागला. जागा चालली, हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

एक दिवस मी डबा घरी विसरलो. ती घेऊन आली. बाजारात ती क्वचित यायची. मी ढिगाच्या पलीकडे होतो. तिनं डबा ठेवला आणि तिची नजर त्या लांबड्याच्या खिशावर गेली. खिशात कट्टा होता. ठेकेदाराच्या बिड्यांना लाल धागा असायचा. माझ्यासाठी ती पांढरा बांधायची, सरमिसळ होऊ नये म्हणून. खिशातून पांढरा धागा दिसत होता.

"भाऊ, ह्या बिड्या तुमच्यापाशी कशा?"

"तुमच्या मालकानं देल्या, वहिनी. रोज देते. काय सांगू तुमाले, ह्या बिड्या ओढतो तेव्हापासून माहा खोकला गेला, छाती मोकळी झाली. आवाज पाहा कसा निघून राहिला!" आणि त्यानं तिथंच एक पुकारा करून दाखवला. खांबावरची कबुतरं उडाली.

ती मटकन तणसावर बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी संत्री तुडवत धावलो. पाहतो तर ती हसत होती. तोंडाला पदर, डोळ्यांत पाणी, अंग गदगदा हलतंय. हमाल जमा झाले.

"काय झालं वं?"

तिला बोलता येईना. बोट त्याच्याकडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. शेवटी म्हणाली, "त्याच्यात जर्दा नाहीच. वाळला अडुसा आहे. तुमी काढा पीत नव्हते म्हणून मी पत्त्यात अडुसा वळून राहिली महिनाभर. वरून लवंग कुटून टाकली. अन् तुमचं औषध हा माणूस ओढून राहिला!"

कोणी पोट धरून खाली बसलं, कोणी दुसऱ्या पेढीवर सांगायला पळालं. अडत्या गादीवरून उतरून आला आणि काय झालं ते ऐकून परत गादीवर जाऊन आडवा झाला, हसायला. त्या लांबड्यानं तोंडातली बिडी काढली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि पुन्हा तोंडात घातली. म्हणाला, "औषधच आहे तर मंग वाया कायले घालवू?"

माझं तोंड काय झालं असेल ते तुम्ही समजून घ्या. स्वतःच्या हातानं रोज सकाळी वैऱ्याचा गळा घासून देत होतो, आणि बदल्यात त्याचा जर्दा माझ्या छातीत भरत होतो.

घरी गेल्यावर भांडण झालं. मी म्हटलं, तू मला फसवलं. ती म्हणाली, मी घरात फसवलं, तुमी बाजारात जाऊन स्वतःलेच फसवलं. आईनं निवाडा दिला, "दोघंही येडे. तो लांबडा तेवढा हुशार." दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर ही पुन्हा पांढऱ्या धाग्याचा कट्टा बांधून राहिली.

"हा कोणाले?"

"त्या भाऊले. खोकला पुरता गेला नाही त्याचा. औषध अर्ध्यात सोडत नसते."

माझं डोकं फिरलं. जेवढा आवाज होता तेवढ्यानं ओरडलो, "माही जागा जाऊन राहिली, अन् तू त्याचा गळा धुऊन राहिली?"

"त्याचा गळा फाडून तुमचा शिवल्या जात नाही," ती म्हणाली. "घेऊन जा. अन् आजपासून तुमी बिडी नाही, बोलणं नाही, अन् काढा माह्या समोर. गिळल्याबिगर मी उठत नाही."

मृगाचा माल पंधरवड्यावर आला होता. मी ऐकलं. दुसरा रस्ता नव्हता.

सकाळ-संध्याकाळ ती माझ्यासमोर पाय पसरून बसायची. एका हातात काढ्याची वाटी, दुसऱ्या मुठीत गुळाचा खडा. वाटी रिकामी झाली की मूठ उघडायची. मी आधी गूळ मागितला तर मूठ पाठीमागे जायची. बिडीवाचून मी पहिले चार दिवस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरलो. खरा छळ मात्र न बोलण्याचा होता. मी घरात सगळ्यांत मोठ्या तोंडाचा माणूस. मी गप्प झालो आणि त्या दोघींना पर्वणी मिळाली. माझ्या समोर बसून माझ्याच गोष्टी. आई सांगायची, हा लहान होता तेव्हा कसा, किती खोटं बोलायचा. बायको सांगायची, आता किती बोलतो. मी ताटावर पेला आपटायचो. आई म्हणायची, "पाह्य, खरं ते लागलं त्याले."

त्याच दिवसांत वरणाला मीठ नसायला लागलं. पहिल्या दिवशी वाटलं विसरली. दुसऱ्या दिवशी हातानं खूण केली, मीठ. ती म्हणाली, "काय म्हणता? समजलं नाही." आई म्हणाली, "पाणी मागून राहिला असन." पाणी दिलं. असं रोज. अळणी वरण, अळणी भाजी, आणि दोघी माझ्याकडे पाहत बसलेल्या. मग एका दुपारी मला राहवलं नाही. ताट सरकवलं आणि ओरडलो, "अवं, मीठ कुठं ठेवलं वं?"

शेजारच्या घरातली बाई दारात आली. कुत्रं भुंकलं. ही चुलीपाशी होती, ती पळतच बाहेर गेली, जिथे आई उन्हात बसली होती.

"आत्याबाई, आला! आला!"

"कोण आला वं?"

"गळा आला!"

मीठ ती मुद्दाम घालत नव्हती. म्हणाली, "तुमाले बोला म्हटलं असतं तर तुमी खाकरून खाकरून बोलले असते. रागावर येते तो खरा आवाज." मिठाचं भांडं तिनं पदराखाली घेतलेलं होतं. आजही मला अळणी वरण मिळालं तर मी रागावत नाही. लेकीला वाटतं, म्हातारा समजूतदार झाला.

मृगाच्या मालाचा पहिला दिवस. आमच्या पेढीसमोर गर्दी, कारण बिड्यांची गोष्ट सगळ्या बाजारात झालेली. अडत्या म्हणाला, आधी त्यानं दोन ढीग सोडावे, मग मी दोन. तो लांबडा खोक्यावर चढला आणि असा काही पुकारला की मी मनातल्या मनात माझं बोचकं बांधलं. काय सुंदर आवाज! माझ्याच अंगणातला होता, म्हणून जास्त टोचला. मग मी चढलो. माझा आवाज तेवढा चकचकीत नव्हता. पण मी एक फोड तोंडात टाकून माल कुठल्या बाजूचा, कसा, किती दिवस टिकेल, ते पुकारता पुकारता सांगायचो, आणि खोटं सांगत नव्हतो. मी ओरडलो, "हा ढीग गोड नाही! वरून पिवळा आहे, पोटात आंबट! रसवाल्यानं घ्या, बाकीच्यानं पुढं पाहा!" बागवाला माझ्यावर चिडला. पण व्यापारी खोक्याच्या जवळ सरकले. शेवटच्या गाडीपाशी उभा असलेला एक जण तिथूनच बोली बोलला. आवाज तिथपर्यंत गेला होता.

अडत्या म्हणाला, "खोकं ह्याचं." आणि मी पुरता खूश व्हायच्या आत शेजारच्या पेढीच्या मालकानं त्या लांबड्याला हाताला धरून नेलं आणि स्वतःच्या खोक्यावर उभं केलं. त्यानंतर वर्षानुवर्षं तो माझ्या उजव्या कानाशी पुकारत होता. माझ्या बायकोनं घडवलेला गळा, आणि माझेच व्यापारी ओढायचा. मी घरी येऊन तक्रार केली की ती म्हणायची, "मंग काय, तुमाले कोणी भेटलं नसतं तर तुमी आळसावले असते." तो दर मोसमाच्या आधी आमच्याकडे काढा प्यायला यायचा आणि माझ्यासमोर न थुंकता पिऊन दाखवायचा. मला चिडवायला. जाताना म्हणायचा, "वहिनी, अमृत!" मी म्हणायचो, "अमृत आहे तर बादली घेऊन जा."

पुढे कुंपण इतकं दाट झालं की वस्तीतलं कोणीही खोकलं की आमच्या मागच्या दाराशी यायचं. जर्द्याच्या धुळीनं खोकणाऱ्या बिडीवाल्या बाया यायच्या. ती पानं द्यायची आणि सोबत तासभर बोलायची. दुसरं लागू पडायचं की पहिलं, मला सांगता येत नाही. माझी आई म्हातारी होऊन गेली. लेक मोठी झाली, लग्न होऊन खापरखेड्याला गेली, तिचा नवरा तिथल्या वीजघरात लागला; मनीषनगरात ते फार पुढे आले. मग घरात आम्ही दोघं, आणि मधे काढ्याची वाटी. मला तो काढा शेवटपर्यंत आवडला नाही. ती गूळ शेवटपर्यंत आधी देत नव्हती.

आणि मग ती गेली, भर मोसमात.

त्या दिवशी घर माणसांनी भरलं. लेक आली, रडली. बाया रडल्या. त्या लांबड्यानं खांदा दिला आणि लहान पोरासारखा हुंदके देत चालला. मी नाही रडलो. मला बोलताच आलं नाही. कोणी विचारलं की मान हलवायचो. एक म्हातारा म्हणाला, "रड गा, मोकळा हो." मी तोंड उघडलं. काही निघालं नाही, खरखरही नाही. परत येताना, रात्री अंथरुणावर पडताना, मला एकच वाटत होतं. गेला गळा. तिचाच होता, ती घेऊन गेली. आता मी खोक्यावरून उतरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. लेक म्हणाली, "बाबा, कुठं जाऊन राहिले?" मी चपला घातल्या. ती म्हणाली, "आज नका जाऊ, लोकं काय म्हणतीन?" मी मान हलवली आणि निघालो.

बाजार भरला होता. आमच्या खोक्यावर तो लांबडा उभा होता. स्वतःच्या पेढीचे ढीग तसेच सोडून माझे पुकारायला आला होता. मला पाहून त्याचा आवाज मधेच थांबला. मी जवळ जाऊन त्याच्या पायजम्याला हात लावला. तो खाली उतरला. मी चढलो.

संत्र्यांचा बाजार कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी थांबला. व्यापारी माझ्याकडे पाहत, हमाल पाट्या डोक्यावर घेऊन उभे. मी तोंड उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं. अडत्या म्हणाला, "राहू दे गा." मी खाली वाकलो, एक संत्रं उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली. वरुडकडचा माल होता, चांगला पिकलेला.

"वरुडचा माल!" मी म्हणालो.

पहिल्यांदा तो शब्द समोरच्या माणसापर्यंतही गेला नाही. मी परत म्हणालो. नाकातून पाणी वाहत होतं, डोळ्यांतून वाहत होतं, ते मी पुसलं नाही.

"वरुडचा माल! गोड आहे, साल पातळ आहे, लांब पाठवू नका, इथंच विका! बोला!"

शेवटच्या गाडीपाशी कोणीतरी हात वर केला आणि बोली बोलला. मी ती परत सांगितली, मोठ्यानं. मग एकवार, दोनवार, तीनवार म्हणालो, तीनही निघाले, आणि ढीग सोडला. खोकं पुढं सरकवलं आणि दुसऱ्या ढिगापाशी गेलो.